खाली म्हणजे नक्की कुठे?

रविवारी दुपारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाच्याने 'एंडर्स गेम' लावला, तेव्हा मी पेपर घेऊन आडवा झालो होतो. ऑर्सन स्कॉट कार्डची कादंबरी १९८५ची, गॅव्हिन हूडचा सिनेमा २०१३चा. परग्रहावरचे शत्रू, लेझर, पोरसवदा सेनापती. डोळा लागणार याची खात्रीच होती. लागला नाही, तो त्यातल्या एका खेळामुळे. भलीमोठी पोकळ खोली, आत कुणालाच वजन जाणवत नाही, आणि मुलांचे दोन संघ एकमेकांच्या दारावर चालून जातात. गोळी लागलेला मुलगा तिथल्या तिथे थांबत नाही. होता त्याच वेगाने तरंगत राहतो. न्यूटनला हे पटलं असतं.

पण खरी गंमत कादंबरीतल्या एंडरच्या डोक्यात आहे. इथे वर-खाली असं काही नाही, तर शत्रूचं दार 'खाली' आहे असंच धरून चालू! मग पाय पुढे करून त्या दाराकडे पडत जायचं. समोरच्याला नेम धरायला उरतात फक्त तळपाय.

"पण मामा, मल्लखांबावर उलटा लटकलो तरी मला खाली कुठे ते कळतंच की!"

कळणारच, अगदी डोळे मिटले तरी. आतल्या कानात एका बुळबुळीत थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात. डोकं कललं की ते आपल्या भाराने सरकू पाहतात, थराखालचे केसांसारखे तंतू वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या अंतराळस्थानकात मात्र हा भारच पडत नाही. तिथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून नव्हे. ते जमिनीच्या जवळजवळ ९० टक्के आहे. पण स्थानक, अंतराळवीर आणि त्याच्या कानातले स्फटिक, सगळेच पृथ्वीभोवती एकत्र पडत असतात. डोळे एक सांगतात, कान भलतंच. निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना पहिले काही दिवस मळमळतं. मग मेंदू डोळ्यांवर भिस्त ठेवायला शिकतो. म्हणून स्थानकात दिवे मुद्दाम एकाच बाजूला लावतात आणि ती बाजू 'छत' ठरते. एंडरने जे दाराचं केलं, तेच.

सिनेमात एक गोष्ट राहिली. वजन जाणवेनासं झालं की शरीरातलं पाणी डोक्याकडे सरकतं, चेहरे सुजतात. पडद्यावरची मुलं मात्र ताजीतवानी! जमिनीवर याचा अभ्यास करायला संशोधक माणसांना ६ अंश डोकं खाली अशा पलंगावर कित्येक आठवडे झोपवतात. भाच्याने लगेच हिशेब मांडला: दोन मीटरचा पलंग, पायथा साधारण २१ सेंटिमीटर वर, म्हणजे तीन विटा.

विटा परसातून आल्या. अर्ध्या तासात आजीने त्या परत नेऊन ठेवायला लावल्या.