पार्श्वभूमी : ‘माइंडफुलनेस’ला मराठीत काय म्हणायचं?

जेवताना ताटाकडे लक्ष द्या, चालताना पावलांकडे, हे हल्ली ‘माइंडफुलनेस’ म्हणून ऑफिसच्या एचआरपासून फॅमिली डॉक्टरपर्यंत सगळेच सांगतात. बुद्धाच्या ‘सतिपट्ठान सुत्त’ या पाली उपदेशात ते आहेच. तिथे तर शौचाला बसतानाही भान ठेवायला सांगितलंय.

ही साधना, म्हणजे विपश्यना, संसारी माणसांपर्यंत आली ती मुख्यतः ब्रह्मदेशातून, आणि निमित्त झाले इंग्रज. १८८५ मध्ये मंडालेचं राज्य बुडालं, भिक्खूंचा राजाश्रय गेला. धर्म टिकवायचा तर गृहस्थांनाही ध्यान शिकवायला हवं, असं तिथल्या काहींनी ठरवलं. त्याच परंपरेतला रंगूनचा एक मारवाडी व्यापारी १९६९ मध्ये भारतात आला. पहिलं शिबिर मुंबईच्या एका धर्मशाळेत झालं. १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. पहाटे चारची घंटा, मौन, आणि पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास, बस्स. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैदी एकाच शिबिरात बसले.

‘माइंडफुलनेस’ या नावाने जे परत आलं, ते मात्र मॅसॅच्युसेट्सच्या एका हॉस्पिटलातून. १९७९ मध्ये तिथे जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग निघाला. एक मनुका हातात घ्यायचा, सुरकुत्या बघायच्या, हुंगायचा, मग सावकाश चावायचा. बुद्धाचं नाव जाणूनबुजून बाजूला ठेवलेलं.

खरा गुंता शब्दाचा. पालीत ‘सति’, संस्कृतात ‘स्मृति’. १८८१ मध्ये एका इंग्रज पंडिताने त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ योजला. त्या शब्दात ध्यानात ठेवण्याचा जुना अर्थ होता. पुढे तो झिजला आणि ‘या क्षणात राहा, बरं-वाईट ठरवू नका’ एवढंच उरलं. पाली ग्रंथांत सतीला नगराच्या द्वारपालाची उपमा आहे. ओळखीच्याला आत घेणारा, परक्याला अडवणारा. बरं-वाईट न ठरवणारा द्वारपाल काय कामाचा?

मराठीत तर आणखी पंचाईत. ‘सती’ म्हटलं की चिता आठवते. ‘स्मृती’ला स्मृतिदिन चिकटलेला. म्हणून ‘सजगता’ रूढ झाली, पण तिला ‘सजग नागरिक’वाल्या फलकांचा वास येतो. मला विचाराल तर ‘भान’ सगळ्यात जवळचा. गॅसवर दूध आहे हे मोबाईल बघतानाही न विसरणं, यात आठवण आणि लक्ष दोन्ही आलं, आणि उतू गेल्यावर आई म्हणायचीच, ‘भान कुठे असतं तुझं?’

गंमत म्हणजे मराठीत ‘सति’साठी ‘स्मृती’ हा शब्द कधीचाच रुळला होता. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर विहारांतून अष्टांगिक मार्ग शिकवला जाऊ लागला. त्यात सातवं अंग ‘सम्यक स्मृती’. माइंडफुलनेसची मराठी पुस्तकं निघाली तेव्हा त्या बौद्ध वस्त्यांत जाऊन कुणी विचारलं नाही.