मजकूर सेम म्हणून गूगल दंड ठोकत नाही भाऊ

आमच्या ओळखीच्या एकाचं मेन ऑफिस नागपूरच्या सीताबर्डीत, वर्धा-अमरावतीच्या शाखांच्या वेगळ्या साइट, आणि मजकूर सगळीकडे सेम म्हणून गूगल पेनल्टी लावेल, म्हणजे सर्चमध्ये साइट खाली ढकलेल, या भीतीने झोप उडालेली. अरे, फसवायचा हेतू नसेल तर तशी पेनल्टी नसते, हे गूगलने २००८ लाच सांगितलंय! होतं काय, सारख्या पानांतलं एकच निवडून सर्चमध्ये दाखवतात, मग वर्ध्याचं गिऱ्हाईक नागपूरच्या पानावर जाऊन पडतं, खरा घाटा हा. कॉमन माहितीच्या पानांवर मेन साइटकडे कॅनॉनिकल टॅग द्या (म्हणजे मूळ पान कोणतं हे गूगलला सांगणारी कोडमधली खूण; तो इशारा आहे, हुकूम नाही), शाखेच्या पानावर तिथला पत्ता, वेळ, तिथली कामं लिहा. रोबोट्स फाइलने (कोणती पानं वाचायची नाहीत हे गूगलला सांगणारी फाइल) ही पानं ब्लॉक मात्र करू नका, पान वाचताच आलं नाही तर टॅग दिसणार कुठून.