आखाजीचा झोका आणि 4 कोटी गिरक्या

आखाजीला निंबाच्या फांदीला झोका टांगला की माहेरी आलेल्या लेकी उतरायचं नाव घेत नाहीत. झोका देणारीला एक गोष्ट अचूक कळते. झोका मागे येऊन क्षणभर थबकला, की लोटायचं. घाई केली तर तो अडतो. वेळ साधली तर नुसत्या बोटांच्या जोरावर उंच चढतो.

फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ या संलयन भट्टीत, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र जुळवून ऊर्जा काढणाऱ्या यंत्रात, प्लाझ्मा तापवण्याची एक रीत हीच आहे. प्लाझ्मा म्हणजे ज्यातले इलेक्ट्रॉन सुटे झालेत असा वायू. तो 15 कोटी अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. हे कुठल्या भांड्यात ठेवणार? म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरतात. तिथे ड्यूटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, एकेक केंद्रक सेकंदाला सुमारे 4 कोटी गिरक्या घेतं. भिंतीतल्या अँटेनातून केंद्रकांच्या गिरकीशी ताल जुळणाऱ्या रेडिओलहरी सोडल्या, की दर गिरकीला वेळेवर धक्का बसतो. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे हा ताल एका ठराविक पट्ट्यातच जुळतो. लहरींची कंप्रता बदलली की पट्टा सरकतो. मला यातलं सर्वांत देखणं हेच वाटतं.

पण तापवलेलं टिकायलाही हवं. प्लाझ्मात बारीक भोवरे उठतात आणि उष्णता भिंतीकडे वाहून नेतात. उन्हाळ्यात काळ्या रानात वावटळ उठते; तिचा शेंडा एका वाऱ्यात आणि बुडखा दुसऱ्यात सापडला की ती मोडते. प्लाझ्माचे शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या गतीने फिरवले, तर हे भोवरेही तसेच फाटतात.

फिरवायचं कसं? आजवर बहुतेक यंत्रांत वेगवान अणूंचा झोत मारून फिरवतात. इटरसारख्या अवाढव्य यंत्रात तो धक्का तोकडा पडतो. अमेरिकेत एमआयटीच्या ‘अल्केटर सी-मॉड’ या यंत्रात असा झोत न वापरता, ड्यूटेरियममध्ये थोडं हेलियम-3, म्हणजे हेलियमचा हलका प्रकार, मिसळून रेडिओलहरी सोडल्या. आत जाताना लहरींचं रूप पालटलं, आणि प्लाझ्मा फिरू लागला.

भुसावळच्या पुलाखालून जाणारी तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी हजिऱ्याला इटरचं क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या यंत्राला कवेत घेणारं सुमारे 30 मीटर उंचीचं पोलादी पात्र, तुकड्यातुकड्यांनी घडलं आणि जहाजाने फ्रान्सला गेलं. प्लाझ्माला झोके देणाऱ्या त्या रेडिओलहरींचे स्रोत पुरवण्याची जबाबदारीही भारताकडेच आहे.