सहानुभूतीची लाट येते, पण टिकते किती?

एखाद्या नेत्याचे निधन झाले की त्याच्या घरात उमेदवारी देण्याची चर्चा तेराव्याच्या आतच सुरू होते. लोक भावनेवर मत देतात, हे त्यामागचे गृहीतक. त्याचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे १९८४ची लोकसभा.

३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरअखेर मतदान. काँग्रेसला ५१४पैकी ४०४ जागा मिळाल्या, भाजपला दोन. ग्वाल्हेरला वाजपेयीही पडले. याला सहानुभूती म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे, पण त्यात भीतीही होतीच. हत्येनंतर दिल्लीत शिखांचे शिरकाण झाले होते, पंजाब धुमसत होता आणि काँग्रेसचा प्रचार देशाच्या एकतेभोवतीच फिरत होता. लाट सगळीकडे पोहोचलीही नाही. काही महिन्यांपूर्वीच एन. टी. रामाराव यांचे सरकार बरखास्त झाल्याने आंध्र चिडलेला होता. तिथे त्यांच्या तेलुगू देसमने ३० जागा नेल्या. म्हणजे एका भावनेला दुसरी भावना आडवी आली!

खरी गंमत पुढे झाली. कर्नाटकात २८पैकी २४ खासदार काँग्रेसचे आले. मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी पराभव मान्य करून विधानसभेच्या निवडणुका मागितल्या. मार्च १९८५मध्ये त्याच मतदारांनी हेगडेंच्या जनता पक्षाला २२४पैकी १३९ जागा दिल्या. महाराष्ट्रात ४८पैकी ४३ खासदार निवडून आणणारी काँग्रेस विधानसभेत २८८पैकी १६१वर थांबली. दिल्लीसाठी हळहळणारा मतदार राज्याचा कारभारी निवडताना वेगळा हिशेब करत होता. त्याला भाबडा म्हणणे मला तरी पटत नाही.

पक्षांनी मात्र यातला पहिलाच अर्धा धडा गिरवला. आपल्याकडच्या पोटनिवडणुका पाहा. २०२१मध्ये पंढरपुरात आमदार भारत भालके यांच्या निधनानंतर मुलगा भगीरथ उभा राहिला आणि भाजपच्या समाधान आवताडे यांच्याकडून थोडक्यात हरला. त्याच वर्षी देगलूरला मात्र दिवंगत आमदार रावसाहेब अंतापूरकर यांचे पुत्र जितेश निवडून आले. २०२३मध्ये कसब्यात मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर भाजपने उमेदवारी घराबाहेर दिली आणि बालेकिल्ला गमावला. त्याच दिवशी चिंचवडला भाजपचे दिवंगत आमदार लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी जिंकल्या. ‘बघा, सहानुभूती चालली’ असे म्हणायला मोकळीक मिळाली. पण तिथे अपक्ष राहुल कलाटे यांनी खाल्लेली मते जगतापांच्या मताधिक्यापेक्षा जास्त होती.