साडेत्रेसष्ट अंशांचा कोन

ऑक्टोबरची उकाड्याची काहिली संपत नाही तोच मुंबई-पुण्यात धुरकट सकाळी सुरू होतात, आणि वर्तमानपत्रांतल्या एसीच्या जाहिरातींची जागा एअर प्युरिफायर घेतो. घरातली हवा ही दुकानातून आणायची वस्तू आहे, हे आपण आता मान्य करून टाकलंय. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत हा प्रश्न वेगळ्या भाषेत विचारला जात होता: समोरची भिंत किती उंच आणि किती अंतरावर?

सुरुवात प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीचा ताप आलेले रोगी सापडू लागले आणि मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचं ओळखलं. मांडवीत गोदामं आणि माणसं एकाच छताखाली राहत. खाली धान्याची पोती, वर अंधाऱ्या खोल्या, दोन इमारतींच्या मधे मैला वाहून न्यायची अरुंद घळ. त्या काळच्या सरकारी डॉक्टरांपैकी अनेकांचा ठाम समज होता की रोग कोंदलेल्या, कुजक्या हवेतून येतो. म्हणून उपायही त्याच धाटणीचे झाले. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ओतलं गेलं, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली, आणि राहायला नालायक ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही तीन अक्षरं रंगवली. पुण्यात याच मोहिमेतल्या घरझडत्यांनी लोकांचा संताप कुठवर नेला, ते २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत दिसलं. रँडचा खून आपण शाळेत शिकतो. त्या झडत्यांच्या मुळाशी हवेविषयीची एक कल्पना होती, हे मात्र धड्यात येत नाही.

गंमत अशी की ती कल्पना प्लेगच्या बाबतीत चुकीची होती. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो. पण मुंबईत तोवर ‘हवा मोकळी करा’ हे सरकारी धोरण होऊन बसलं होतं. १८९८ मध्ये कायदा करून मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते कापायचे, म्हणजे समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरेल, हा त्याचा एक मोठा हेतू. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातून निघाले. आज त्या रस्त्यांवर उभं राहिल्यावर समुद्राचा वारा लागतो की बसचा धूर, हा भाग निराळा.

ट्रस्टच्या कामाला काळी बाजूही होती. वाऱ्यासाठी जी घरं पाडली त्यांतल्या माणसांना पुरतील एवढी नवी घरं सुरुवातीच्या वर्षांत बांधलीच गेली नाहीत, त्यामुळे उठवलेली कुटुंबं शेजारच्या चाळींत कोंबली गेली. एका गल्लीची हवा सुधारली, दुसरीची बिघडली.

तरीही ट्रस्टने एक गोष्ट मागे ठेवली आणि ती मला त्या रस्त्यांपेक्षा मोलाची वाटते. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास घरातला उजेड आणि हवा यांवर जाहीर व्याख्यान देऊन साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. नियम समजायला सोपा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्याशी उभं राहा, जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी रेषा आकाशाकडे काढा. समोरच्या इमारतीने ती रेषा छेदता कामा नये. भूमितीत बसवलं तर त्याचा अर्थ असा की समोरची भिंत जेवढी उंच, त्याच्या निम्मं अंतर मोकळं हवं. ४० फुटांच्या भिंतीसमोर २० फूट. आकडा ऑर यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता, लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात तो आधीच होता. पण मुंबईच्या चाळमालकांना तो ऐकवणं सोपं नव्हतं, कारण प्रत्येक मोकळा फूट म्हणजे बुडालेलं भाडं.

दादर-माटुंग्याच्या आखणीत ही दृष्टी दिसते. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्सचा परिसर: इमारतीच्या चारी बाजूंना जागा, तीन-चारच मजले, दोन बाजूंना खिडक्या. १९३० आणि ४० च्या दशकांत तिथे आणि शिवाजी पार्कला उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या घरांनी खिडकीवर लांब आडवा छज्जा दिला. तो शोभेचा वाटतो, पण जुलैच्या तिरप्या पावसातही खिडकी उघडी ठेवता यावी आणि एप्रिलचं ऊन भिंतीवर थेट पडू नये, हे दोन्ही त्याने साधतं. बारा महिने खिडकी उघडी ठेवता येणं ही दमट हवेच्या शहरात फार मोठी सोय आहे.

हे सगळं झालं घराबाहेरच्या भूमितीचं. घराच्या आतला धूर ही वेगळी कथा आहे, आणि ती प्रामुख्याने बायकांची आहे.

जुन्या वाड्याचं किंवा कौलारू घराचं कौतुक करायला आपण नेहमीच तयार असतो. चौक होता, ओसरी होती, जाड मातीच्या भिंती होत्या, मराठवाड्या-खानदेशात धाब्याचं छत होतं. दुपारच्या उन्हातही माजघर गार. कोकणात पावसाच्या तोंडावर पडवीला झावळ्यांचे झाप बांधत, म्हणजे झड आत येत नसे आणि वाराही अडत नसे. हे सगळं खरं. पण त्याच घरातलं स्वयंपाकघर बहुतेक वेळा मागच्या अंगाला, अंधारं, एखाद्या झरोक्याचं. चुलीत ओलं जळण, वैलावर आमटी, फुंकणीने फुंकून लाल झालेले डोळे, आणि वासे-रिपा काजळीने डांबरासारख्या चकचकीत. हाताने थापलेल्या नळीच्या कौलांच्या फटींतून धूर थोडाफार वर निघून जाई. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात यंत्राची कौलं काढायला सुरुवात केली. ती चपटी मंगलोरी कौलं पुढे कोकणभर पसरली, गळती कमी झाली आणि त्याबरोबर फटीही. धुराने लाकडाला वाळवी लागत नाही, हा घरातल्या पुरुषांचा ठरलेला युक्तिवाद. तो चुकीचा नव्हता. छपराची काळजी घेतली गेली, एवढंच.

बाळंतिणीच्या खोलीत तर हे टोकाला जाई. दार-खिडकी बंद, वारा लागू नये म्हणून फटींत चिंध्या, खाटेखाली शेगडी, वर ओवा-शेपांची धुरी. वाऱ्याची भीती आपल्याकडे धुराच्या भीतीपेक्षा नेहमीच मोठी राहिली आहे. बाळाला कुंची घालून कॉइल लावलेल्या बंद खोलीत निजवणारी घरं आजही कमी नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजमाप केल्यावर दिसलं की एक डासांची कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण सोडते, तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतील.

चुलीचा धूर आणि आजार यांचा संबंध भारतात वैद्यकीय पुराव्याने पुढे आणला तो दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्याने हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याचा विकार त्यांना विडी न ओढणाऱ्या बायकांतही मोठ्या प्रमाणात आढळला आणि त्यांनी १९५९ च्या लेखातून चुलीकडे बोट दाखवलं. खरं तर वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघात, त्याआधीच धूर बाहेर काढणारी ‘मगन चूल’ तयार झाली होती. १९५३ मध्ये हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनीही बिनधुराच्या चुलीचा आराखडा मांडला. आणि केंद्र सरकारला सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुचायला १९८३ साल उजाडलं. चुली वाटल्या गेल्या, धुराडी काजळीने तुंबली, तडे गेले, दुरुस्तीला कुणी आलं नाही, बायकांनी त्या फोडून पुन्हा तीन दगड मांडले. २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रमच आवरता घेतला.

शहरांत हा प्रश्न गॅसने सोडवला. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत सिलिंडर आणले, पण मध्यमवर्गीय घरात नंबर लागायला पुढची कित्येक वर्षं गेली, आणि तोवर वातीचा नाहीतर पंपाचा स्टोव्ह आणि रॉकेलचा वास. खेड्यापर्यंत सिलिंडर नेण्याची मोठी सरकारी योजना, उज्ज्वला, मे २०१६ ची. जोडणी मिळाली तरी भरलेलं सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल चालूच राहते, हे गावाकडे कुणालाही विचारा.

आता पुन्हा शहराकडे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत जागेचं मोजमाप बदललं. १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारा चटईक्षेत्र निर्देशांक, आला आणि सगळं लक्ष किती चौरस फूट बांधता येतील इकडे गेलं. बाल्कनीला चटईक्षेत्रात सवलत होती, ती पुढे शुल्क भरून खोलीत घ्यायचीही मुभा मिळाली. झालं! वारा आत आणणारी जागा दिवाणखान्यात गेली. लाकडी दोन पाखी खिडकी जाऊन अॅल्युमिनियमची स्लायडिंग आली. दोन पाखी खिडकी सताड उघडते, दोन रुळांची स्लायडिंग कितीही सरकवा, निम्मीच उघडते. दमट-उष्ण प्रदेशात खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या किमान एक षष्ठांश असावं, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. उघडणारा भाग मोजायचा म्हटलं तर किती फ्लॅट त्यात बसतील, हे ज्याने त्याने टेप घेऊन पाहावं. न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडते, त्या डक्टमध्ये सगळ्या इमारतीच्या न्हाणीघरांची हवा. पावसाळ्यात कपडे घरातच वाळत घातलेले, कपाटामागच्या भिंतीला ओल, ओलीवर काळी बुरशी, आणि श्रावण उलटला तरी मुलाचा खोकला जात नाही.

यावर उत्तर म्हणून एसी आला. मुळात तो माणसासाठी नव्हताच. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी तो आखला, कारण दमट हवेत कागद फुगत होता आणि रंगछपाई जुळत नव्हती. मुंबईकरांनी गारवा पहिल्यांदा अनुभवला तो मुख्यतः थिएटरात: १९३३ चं रीगल, १९३८ चं मेट्रो. १९५४ मध्ये व्होल्टास स्थापन झाली, तरी घरगुती एसी ही पुढची चार दशकं श्रीमंतांचीच गोष्ट राहिली. आता १ जानेवारी २०२० पासून देशात विकला जाणारा एसी चालू केला की आपोआप २४ अंशांवर यावा, असा केंद्राचा नियमच आहे.

विकताना न सांगितली जाणारी गोष्ट अशी की नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा गार आणि थोडी कोरडी करून परत सोडतो. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतल्या कर्बवायूवरून, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवरून, हवा शिळी झाली की नाही हे ओळखायची रीत घालून दिली होती. त्यांची मर्यादा हजारात एक भाग, आजच्या भाषेत १००० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १००० भाग. १० बाय १२ ची खोली घ्या, दोन माणसं निजलेली, दार-खिडकी घट्ट बंद. झोपेतला माणूस तासाला साधारण ११-१२ लिटर कर्बवायू सोडतो. खोलीत हवा असते ३२ हजार लिटरच्या आसपास. म्हणजे तासाभरात सातशे-साडेसातशे पीपीएमची भर, आणि बाहेरच्या हवेत आधीच ४२० च्या वर असतं. पेटेनकोफरची रेषा पहिल्या झोपेतच ओलांडली जाते. दाराखालच्या फटीमुळे वेग कमी होतो, एवढाच दिलासा. सकाळी डोकं जड होतं त्याचं खापर आपण एसीच्या गारव्यावर फोडतो. प्युरिफायर धूळ गाळतो, कर्बवायूला तो हात लावत नाही.

खिडकी बंद करून गारवा विकत घेणं परवडतं त्यांची ही गोष्ट. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ऑर यांचा कोन अजूनही जीवनमरणाचा आहे. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं आणि फुकट घरांचा खर्च विक्रीच्या फ्लॅटमधून काढायचं गणित बसलं. त्या गणितात पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सूट मिळाली. गोवंडी-मानखुर्द पट्ट्यातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींत दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर आहे. साडेत्रेसष्ट अंशांच्या हिशेबाने ३ मीटरसमोर ६ मीटरची भिंत चालेल, म्हणजे दोन मजले. तिथे सात-आठ मजल्यांपर्यंतच्या इमारती आहेत. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवलं की या दोन वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण शेजारच्या जास्त मोकळ्या पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे जास्त. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि उन्हात मरतात. प्लेगच्या वेळी चुकीच्या रोगावर सांगितलेला उपाय या रोगाला नेमका लागू पडतो.

झोपडपट्टी पुनर्विकासातल्या विक्रीच्या टॉवरकडे पाहा. खालचे चार-सहा मजले पोडियम पार्किंगचे असतात, माणसं त्याच्या वर राहायला सुरुवात करतात, ऊन-वारा मिळतो तिथून. खालच्या अंधारात मोटारी असतात. शेजारच्या पुनर्वसन इमारतीत बहुतेक ठिकाणी घरं पहिल्या मजल्यापासून, कुठेकुठे तर तळमजल्यापासूनच सुरू होतात.