तारखेने वाचले तर : लिंडन जॉन्सन, नागरी हक्क आणि व्हिएतनाम

४ ऑगस्ट १९६४, मंगळवार. टोंकिनच्या आखातात अमेरिकी विनाशिकांवर उत्तर व्हिएतनामने दोन दिवसांत दुसऱ्यांदा हल्ला केल्याचे संदेश सकाळपासून वॉशिंग्टनला येत होते आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सन प्रतिहल्ल्याच्या तयारीत होते. रात्री आठच्या सुमारास एफबीआयचा फोन आला. मिसिसिपीत २१ जूनपासून बेपत्ता असलेले जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन तरुण कार्यकर्त्यांचे मृतदेह एका मातीच्या बांधाखाली पुरलेले सापडले होते. कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या मोहिमेत ते काम करत होते. त्यांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी मारलं होतं आणि त्या कटात खुद्द एक उपशेरीफ होता. बातमी जाहीर करण्याआधी तिघांच्या घरी कळवा, असं जॉन्सन यांनी सांगितलं. रात्री ११ वाजून ३६ मिनिटांनी ते दूरचित्रवाणीवर आले, पण बोलले व्हिएतनामवर. उत्तर व्हिएतनामवर विमानं पाठवल्याचं त्यांनी देशाला सांगितलं.

जॉन्सन यांच्यावर लिहिताना बहुतेक जण दोन खाती उघडतात. जमेला सार्वजनिक ठिकाणच्या आणि नोकरीतल्या वंशभेदावर बंदी घालणारा १९६४चा नागरी हक्क कायदा, १९६५चा मतदान हक्क कायदा, मेडिकेअर हा वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. खर्चाला व्हिएतनाम. मग वजाबाकी करून माणूस थोर की अपराधी हे ठरवलं जातं. मला हे पटत नाही. त्यांची कागदपत्रं विषयवार वाचली तर दोन वेगवेगळे अध्यक्ष भेटतात, तारीखवार वाचली तर एकच भेटतो. एकाच टेबलावर, एकाच फोनवर, कित्येकदा त्याच सिनेटरशी तो दोन्ही प्रकरणं हाताळत असतो. हक्कांचे कायदे करून घ्यायला त्याला जी राजकीय ताकद लागत होती, तीच टिकवायला आपण युद्धातून माघार घेऊ शकत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

१९२८मध्ये, शिक्षण अर्धवट असताना, जॉन्सन टेक्ससमधल्या कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांच्या शाळेत शिकवायला गेले. मुलं उपाशीपोटी वर्गात यायची, हे त्यांनी पुढे अध्यक्ष म्हणून संसदेत सांगितलं. पण कोटुलापासून नागरी हक्कांपर्यंत सरळ रस्ता होता असं मानणं म्हणजे मधली वीस वर्षं गाळणं. १९३७मध्ये ते प्रतिनिधिगृहात गेले आणि पुढे १९५६पर्यंत दक्षिणेतल्या इतर डेमोक्रॅट्सबरोबर नागरी हक्कांच्या विधेयकांविरुद्ध मत देत राहिले. १९४८मध्ये सिनेटच्या प्रचारात त्यांनी अध्यक्ष ट्रूमन यांच्या नागरी हक्क कार्यक्रमाला थोतांड म्हटलं होतं. १९५७मध्ये बहुमतातल्या पक्षाचे नेते म्हणून त्यांनी ८२ वर्षांतला पहिला नागरी हक्क कायदा सिनेटमधून पार करून घेतला, तोही बराच बोथट करून. तत्त्व आणि महत्त्वाकांक्षा यांतलं कोणतं कुठे संपत होतं, हे त्या काळातल्या कागदांवरून सांगणं कठीण आहे.

केनेडींच्या हत्येनंतर पाचच दिवसांनी, २७ नोव्हेंबर १९६३ रोजी, जॉन्सन यांनी संसदेसमोर केनेडींचं नागरी हक्क विधेयक मंजूर करण्याची मागणी केली. सिनेटमध्ये दक्षिणेकडच्या सदस्यांनी भाषणं लांबवून विधेयक मारण्याचं जुनं हत्यार काढलं. त्यांचे म्होरके होते जॉर्जियाचे रिचर्ड रसेल, म्हणजे जॉन्सन यांचे सिनेटमधले गुरू. कामकाजाचे साठ दिवस त्यात गेले. चर्चा बंद करायला दोन तृतीयांश मतं हवी होती आणि ती रिपब्लिकनांशिवाय मिळणार नव्हती, म्हणून त्यांचे नेते एव्हरेट डर्कसन यांना श्रेय मिळेल अशा बेताने सगळी बोलणी झाली. १० जून १९६४ला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबली. मेंदूच्या ट्यूमरमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल व्हीलचेअरवरून आले आणि त्यांनी खुणेने मत दिलं. २ जुलैला कायद्यावर सही झाली. ‘आपल्या पक्षाने दक्षिणेतली राज्यं गमावली’ अशा अर्थाचं जॉन्सन यांचं वाक्य त्या रात्रीचं म्हणून सर्रास छापलं जातं. ते त्यांचे सहायक बिल मॉयर्स यांच्या आठवणीतून आलेलं आहे. ध्वनिफितीवर नाही.

फितींची गोष्ट सांगायलाच हवी, कारण जॉन्सन यांच्याविषयीचं निम्मं संशोधन आता त्यांच्यावर उभं आहे. फोन रेकॉर्ड करायचा असला की ते बोट हवेत गोल फिरवायचे आणि सचिव यंत्र सुरू करायच्या. पलीकडच्या माणसाला बहुतेक वेळा याचा पत्ता नसे. या फिती आपल्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं बंद ठेवाव्यात अशी त्यांची इच्छा होती. पण केनेडी हत्येशी संबंधित नोंदी खुल्या करण्याचा कायदा १९९२मध्ये झाला आणि फितींचा काही भाग उघडावाच लागला. मग ऑस्टिनच्या जॉन्सन ग्रंथालयाचे संचालक हॅरी मिडलटन यांनी बाकीच्याही उघडायच्या ठरवलं. काही फिती खराब होत चालल्या होत्या, हेही एक कारण होतं. पुढच्या दीड दशकात शेकडो तासांची संभाषणं लोकांसमोर आली. अर्थात, बोलणाऱ्या दोघांपैकी एकालाच रेकॉर्डिंग चालू असल्याचं ठाऊक होतं, ही गोष्ट ऐकणाऱ्याने क्षणभरही विसरता कामा नये.

२७ मे १९६४ची फीत मी प्रत्येकाला ऐकायला सांगतो. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी फोनवर आहेत. आपल्या दिमतीला असलेल्या एका सार्जंटकडे सकाळी पाहत होतो, असं जॉन्सन सांगतात. त्याला सहा लहान पोरं आहेत. याला मी तिकडे कशासाठी पाठवू? व्हिएतनामची मला काय किंमत आहे? त्याच दिवशी ते रसेलशीही बोलतात. आपण तिकडे अडकत चाललोय आणि बाहेर कसं पडायचं ते कळत नाही, यावर दोघांचं एकमत आहे. हेच रसेल त्या वेळी सिनेटमध्ये जॉन्सन यांचं विधेयक अडवून बसले होते. सिनेटमध्ये ते शत्रू होते, युद्धाच्या बाबतीत सल्लागार.

जॉन्सन यांना फसवून युद्धात ढकललं, हा बचाव या फितीनंतर टिकत नाही. त्यांना धोका दिसत होता. पण माघार घेतली तर ‘कम्युनिस्टांना देश दिला’ असा गिल्ला होईल, चीन गमावल्यावर ट्रूमन यांचं झालं तेच आपलं होईल आणि देशातला सगळा कार्यक्रम कोसळेल, अशी भीती त्यांना होती. म्हणून ४ ऑगस्टची ती संधी त्यांनी घेतली. त्या दिवशी दुपारीच विनाशिकेवरच्या कॅप्टन जॉन हेरिक यांनी कळवलं होतं की, बिघडलेलं हवामान आणि उतावळे सोनार चालक यांमुळे भास झाला असावा, शत्रूची नौका प्रत्यक्ष कुणी पाहिलेली नाही. तरी विमानं गेली. ७ ऑगस्टला संसदेने युद्धाचे जवळपास मोकळे अधिकार दिले. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग हे दोघेच विरोधात उभे राहिले.

पुढच्या वर्षीचा मार्च महिनाही असाच तारखेने वाचण्याजोगा आहे. २ मार्चला उत्तर व्हिएतनामवरची सलग बॉम्बफेक सुरू झाली. ६ मार्चला जॉन्सन रसेलना फोनवर म्हणतात की, पुढे कुठे उजेड दिसत असला तर माणूस लढतो, पण व्हिएतनाममध्ये उजेडाचा कवडसाही नाही. ७ मार्चच्या रविवारी अलाबामातल्या सेल्मा गावी एडमंड पेट्टस पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चाला पोलिसांनी झोडपून काढलं आणि संध्याकाळी घराघरांतल्या टीव्हीवर ते दिसलं. ८ मार्चला साडेतीन हजार मरीन सैनिक दक्षिण व्हिएतनाममधल्या डा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. १५ मार्चला जॉन्सन संसदेसमोर उभे राहिले आणि ‘आम्ही विजयी होऊ’ हे चळवळीच्या गाण्यातले शब्द त्यांनी अध्यक्षांच्या तोंडून देशाला ऐकवले. मतदान हक्क कायद्यावर ६ ऑगस्टला सही झाली. त्याच्या नऊ दिवस आधी, २८ जुलैला, त्यांनी व्हिएतनाममधली फौज ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेत असल्याचं जाहीर केलं होतं.

त्या कायद्याने काय केलं, ते मिसिसिपीच्या आकड्यांत दिसतं. १९६५मध्ये तिथे मतदानास पात्र कृष्णवर्णीयांपैकी ६.७ टक्के लोकांचीच नोंदणी होती. दोन वर्षांत ती ५९.८ टक्क्यांवर गेली. हे श्रेय सेल्माच्या पुलावर मार खाणाऱ्यांचं आहेच, पण वॉशिंग्टनमध्ये मतं जमवणाऱ्याचंही आहे.

आणि त्याच वेळी युद्ध हीच चळवळ पोखरत होतं. ३ जानेवारी १९६६ला अलाबामातल्या टस्कीगी इथे सॅमी यंग या नौदलातून परतलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला पेट्रोल पंपावरच्या गोऱ्यांच्या शौचालयावरून झालेल्या वादात गोळी घालण्यात आली. तीनच दिवसांत विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीने युद्धाविरुद्ध पत्रक काढलं. स्वातंत्र्यासाठी व्हिएतनाममध्ये लढायचं आणि घरी शौचालयासाठी मरायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. समितीचे ज्युलियन बाँड जॉर्जियाच्या विधिमंडळावर नुकतेच निवडून आले होते. पत्रकाला पाठिंबा दिला म्हणून सभागृहाने त्यांना जागा नाकारली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती परत मिळवून दिली.

१९६६मध्येच संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी भरतीचे निकष खाली आणणारी योजना काढली. परीक्षेत कमी गुण मिळाल्यामुळे आधी नाकारलं जाई अशा साडेतीन लाखांच्या आसपास तरुणांना सैन्यात घेतलं गेलं, त्यांतले सुमारे चाळीस टक्के कृष्णवर्णीय. गरिबी हटवण्याच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून ही योजना मांडली गेली होती. जॉन्सन यांच्या कारकिर्दीतली इतकी विदारक गोष्ट मला दुसरी दिसत नाही. त्या ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्याच्या दहा मागण्यांमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना सैन्यसेवेतून सूट द्या, ही एक होती. १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं, ते याच पक्षावरून.

४ एप्रिल १९६७ला मार्टिन ल्यूथर किंग न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये बोलले. गरिबांसाठीची माणसं आणि पैसा हे युद्ध ओढून घेतंय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जॉन्सन यांच्याशी त्यांचा संवाद त्यानंतर उरलाच नाही. एफबीआय किंग यांच्यावर पाळत ठेवत होती आणि तिचे अहवाल व्हाइट हाउसमध्ये पोचत होते, हा डाग कुठल्याही कायद्याने पुसता येणार नाही. बरोबर एका वर्षाने किंग यांची मेम्फिसमध्ये हत्या झाली. त्याआधी चार दिवस, ३१ मार्च १९६८ला, जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचं जाहीर केलं होतं. हत्येनंतरच्या दंगली शमतात न शमतात तोच, ११ एप्रिलला, घरभाड्यातला आणि घरविक्रीतला भेदभाव बंद करणाऱ्या कायद्यावर सही झाली.

भारताचा संबंध या कागदांत दोन ठिकाणी येतो. पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली आलेला गहू रेशनच्या रांगेत उभं राहून घेतलेली पिढी आपल्याकडे अजून आहे. १९६५-६६च्या दुष्काळात त्या गव्हाची दोरी जॉन्सन यांनी स्वतःच्या हातात ठेवली होती. वर्षाचा करार न करता ते थोडं थोडं धान्य मंजूर करत. शेतीवर खर्च वाढवा, हा दबाव त्यामागे होता, आणि कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांची नव्या बियाण्यांची धोरणं त्याच काळातली. पण जुलै १९६६मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीविरुद्धच्या निवेदनावर सही केली, तेव्हा जॉन्सन यांचा पारा चढला. युद्धावरचं मत आणि धान्याची जहाजं इतकी जवळ आली होती. दुसरी गोष्ट ३ ऑक्टोबर १९६५च्या स्थलांतर कायद्याची. १९४६पासून भारताचा वार्षिक कोटा शंभर माणसांचा होता. तो या कायद्याने गेला. हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असं जॉन्सन सही करताना म्हणाले. न्यू जर्सीतल्या किंवा शिकागोतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाला ते वाक्य आज पटणार नाही.

आता कागद कोणत्या क्रमाने उघडले, ते पाहू. मॅकनमारा यांनीच करवून घेतलेला युद्धाचा गुप्त इतिहास १९७१मध्ये वर्तमानपत्रांत फुटला, तो पूर्ण खुला व्हायला २०११ उजाडलं. १९६८च्या निवडणुकीआधी रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांच्या गोटातून सायगावला, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या सरकारला, शांतता बोलणी लांबवण्याचे निरोप जात होते. डर्कसनशी बोलताना जॉन्सन यांनी त्याला देशद्रोह म्हटलं, पण जाहीर काहीच केलं नाही. त्याचे कागद १९७३मध्ये जॉन्सन यांचे माजी सुरक्षा सल्लागार वॉल्ट रोस्टो यांनी एका बंद पाकिटात ग्रंथालयाकडे दिले आणि ते १९९४मध्ये उघडलं. टोंकिनचा दुसरा हल्ला झालाच नव्हता आणि गुप्तसंदेशांची मांडणी तो झाल्यासारखी केली गेली, हा राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकाराचा अंतर्गत निष्कर्ष २००५मध्ये बाहेर आला.

नागरी हक्कांचे कागद मात्र जॉन्सन यांच्या हयातीतच खुले झाले. डिसेंबर १९७२मध्ये ऑस्टिनला त्यासाठी परिषद भरली. हृदयविकाराने खंगलेले जॉन्सन डॉक्टरांचं न ऐकता बर्फातून आले. माझ्या सगळ्या कामात हेच काम मला सर्वांत जवळचं आहे आणि मी पुरेसं केलं नाही, असं ते म्हणाले. पुढच्या २२ जानेवारीला ते गेले. त्या परिषदेच्या व्यासपीठावर ज्युलियन बाँडही होते. युद्धाला विरोध केल्यामुळे विधिमंडळाची जागा गमावलेल्या बाँड यांनी तिथे जॉन्सन यांची स्तुती केली. लोकांचा रेटा होता, वारं अनुकूल होतं आणि त्या वेळी एका कर्त्या, सहृदय माणसाच्या हाती सत्ता होती, असं ते म्हणाले.