मुलाखतीत शब्दांना फक्त ७ टक्के किंमत?

व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासमध्ये हा आकडा फळ्यावर येतोच: शब्दांचा प्रभाव ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. मग मुलं आठवडाभर हस्तांदोलन घोटतात आणि ‘प्रोजेक्टमध्ये तुम्ही नेमकं काय केलं?’ या साध्या प्रश्नाला अडखळतात.

हे आकडे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे, १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांतून जुळवलेले. त्यांत मुलाखत सोडाच, धड एक वाक्यही नव्हतं. एका प्रयोगात ‘मेबी’ हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं. शब्द एकच म्हटल्यावर माणूस चेहराच बघणार, दुसरं काय करणार! हे सूत्र भावना आणि आवडीनिवडीपुरतंच आहे, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय.

पडेल चेहऱ्याने बसू नका, हे ठीकच. पण बायोडेटात ‘एसक्यूएल येतं’ (म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) असं लिहिलं असेल, तर माहितीची दोन टेबलं जोडायची क्वेरी, म्हणजे त्या भाषेतली आज्ञा, नुसत्या हसऱ्या चेहऱ्याने लिहिता येत नाही. त्यापेक्षा बायोडेटातली एकेक ओळ घ्या आणि ती उदाहरणासकट मोठ्याने सांगून बघा.